एकतीस सोमवार

नागश्रीने ‘सगळं आत घ्या’ या बटणावर बोट ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पडद्यावर एक गोल फिरत होता आणि त्याखाली आकडा चढत होता. चाळीस कामं, नव्वद कामं, एकशे तीस.

“झालं का?” टेबलावर उताण्या पडलेल्या फोनमधून बोजम्माने विचारलं.

“होतंय. दोनशे चौदा आहेत.”

“दोनशे चौदा! अगं, मुख्यमंत्र्यालासुद्धा नसतील एवढी.”

“त्यात ‘नाचणी दळून आणणे’ पण आहे.”

“मग ठीक आहे. त्यांच्याकडे दळणाला माणूस असतो.”

बोजम्मा मूळची मडिकेरीची, आता म्हैसूरलाच गोकुलममध्ये घर करून राहिलेली. हॉटेलांच्या आणि कॉफीमळ्यांच्या जाहिराती लिहायची. नागश्री छपाईसाठी कन्नड पुस्तकांची पानं संगणकावर लावून द्यायची. दोघींच्याही डोक्यावर साहेब नव्हता, म्हणून दोघींनी ॲपं ठेवली होती. बोजम्मा दर तीन महिन्यांनी नवं ॲप आणायची आणि नव्या सुनेचं करावं तसं त्याचं कौतुक करायची. नागश्रीचं तसं नव्हतं. तिने आधी तक्ता केला. नऊ ॲपं, सतरा रकाने, प्रत्येकाला गुण. तक्त्याला दहा दिवस गेले. त्या दहा दिवसांत हातातल्या पाककृतींच्या पुस्तकाची अवघी अकरा पानं लागली, पण तक्ता मात्र बघण्यासारखा झाला होता.

जुनं ॲप सोडताना तिला जरा जडच गेलं. त्यात एक सोय होती. सोमवारी नेमलेलं काम झालं नाही, तर सोमवार संपला की बाराच्या ठोक्याला ते ॲप काम आपणहून उचलायचं आणि पुढच्या सोमवारी ठेवून द्यायचं. लाल रंग नाही, कुरकुर नाही, ‘राहिलं’ म्हणून टोचणी नाही.

“आजचं मरण उद्यावर,” बोजम्मा म्हणायची, “आणि तेही फुकटात.”

नव्या ॲपमध्ये ही सोय नव्हती, पण बाकी काय नव्हतं! धंद्याची, घरची, नात्यागोत्याची कामं एकाच फळ्यावर. प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव आणि ईमेल. प्रत्येक कामाला रंगीत चिठ्ठी. हिरवी म्हणजे आनंद, निळी म्हणजे गरज, केशरी म्हणजे शीण. ज्या कामांनी जीव शिणतो ती आधी वेगळी काढ, असं बोजम्माने बजावलं होतं. नागश्रीने आधीच दोन दुपारी बसून यादीत नावं भरली होती आणि चिठ्ठ्या लावल्या होत्या.

गोल थांबला. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा कामं नव्या फळ्यावर ओळीने उभी राहिली. नागश्रीला इतकं बरं वाटलं की कामं झालीच असं समजून ती कॉफी करायला उठली.

दूध उतू जायच्या आत मूर्तींचा फोन आला. मूर्ती प्रकाशक. आवाज नेहमीसारखाच कोरडा.

“नागश्री, मला एक काम आलंय.”

“कसलं काम, सर?”

“‘मूर्तींना सांगणे, फाइल उद्या नक्की.’ माझ्या नावावर आलंय. म्हणून मी मूर्तींना सांगितलं. पण मूर्तींचा विश्वास बसत नाही.”

ती काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला. मागोमाग हासनहून वहिनीचा आवाज आला, ध्वनिमुद्रित, गोड आणि सावकाश. “नागश्री, ‘वहिनीची साडी कामाच्या बाईला देणे’ हे काम माझ्याकडे कसं ग आलं? मीच येऊन द्यायची का? बाईचं माप पाठव, ब्लाउजही शिवते.”

आणि मग बोजम्मा, हसून हसून खोकत.

“अगं ए, मला काय आलंय माहितीये? ‘बोजम्माचं ऐकणं कमी करणे.’ करते बाई. आजपासून मी माझं काही ऐकत नाही.”

“बोजम्मा, हे काय झालं ग?”

“तू नावाच्या रकान्यात काय भरलंस?”

“ज्याच्याबद्दल काम आहे त्याचं नाव.”

“झालं तर मग. तिथे ज्याने करायचं त्याचं नाव घालायचं असतं. ॲपने बिचाऱ्याने सगळ्यांना कामाला लावलं. करायला गेलीस गणपती आणि झाला मारुती.” बोजम्माला पुन्हा हसू आलं, आणि मधेच थांबलं. “नागश्री, आणखी कोणाकोणाला गेलंय?”

नागश्रीने फळा वर सरकवला. गॅसवाला, चुलतभाऊ, दातांची डॉक्टर. मग एक केशरी चिठ्ठी आली. ‘मेष्ट्रुंना प्रुफं देणं बंद करणे. नीट सांगायचं.’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत तिनेच लिहिलेलं, ‘डोळे गेलेत. माझंच काम दुप्पट होतं. घरी जाऊन सांगणे, अम्मा घरात नसताना.’ पुढे नाव होतं, नंजुंडय्या. नावाच्या शेजारी एक कागदी विमान काढलेलं होतं. म्हणजे निरोप गेला होता.

“बोल ना,” बोजम्मा म्हणाली. “कोण आहे?”

“नंतर बोलते.”

तिने फोनवरच्या त्या ॲपच्या चित्रावर बोट दाबून धरलं. चित्र थरथरलं. ‘काढून टाकायचं का?’ अशी विचारणा झाल्यावर तिने दोनदा ‘हो’ म्हटलं. चित्र गेलं. पसारा दिसू नये म्हणून खोलीतला दिवा घालवावा, तसलाच हा प्रकार होता. फळा जिथे कुठे होता तिथे जसाच्या तसा उभा राहिला. पण हे तिच्या ध्यानात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिला ते ध्यानात यायला नको होतं.

नंजुंडय्यांना म्हैसूरचं अख्खं सरस्वतीपुरम मेष्ट्रु म्हणायचं, म्हणजे मास्तर. शाळेत कन्नड शिकवायचे तेव्हापासूनचं ते नाव. शाळेखेरीज चाळीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली. नागश्री आठवीत त्यांच्या वर्गात होती. पुढे बंगळुरूची नोकरी सोडून ती म्हैसूरला परत आली तेव्हा कोणी तिला एक पान लावायला देत नव्हतं. मेष्ट्रुंनी छत्री घेतली, तिला बरोबर घेतलं, आणि मूर्तींच्या कचेरीत जाऊन ते खुर्चीवर न बसता उभ्यानेच म्हणाले, “पानं ही लावेल. चूक राहिली तर मला विचारा. जामीन मी.” त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून दर सोमवारी नागश्री प्रुफं घेऊन त्यांच्या घरी जायची, आणि गुरुवारी लाल शाईने भरलेली परत आणायची.

गेल्या वर्षापासून लाल शाई कमी झाली. आधी तिला वाटलं, आपलंच काम सुधारलं. मग पाककृतींच्या पहिल्या भागात कोसंबरी दोनदा छापली गेली, पान अठ्ठेचाळीसला आणि पुन्हा चौसष्टला. मग जूनमध्ये एका शाळेच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका निघाली. तिच्यात चांगल्या हिंडत्याफिरत्या चिटणिसांच्या नावामागे ‘कैलासवासी’ लागलं. चिटणिसांनी मूर्तींना स्वतः फोन केला आणि म्हणाले, “मी कैलासातून बोलतोय.” मूर्तींनी नागश्रीला हसून सोडलं, पण दोनदा सोडणार नाहीत हे तिला कळलं. त्या दिवसापासून मेष्ट्रुंकडून प्रुफं आली की ती दार लावून सगळी पुन्हा वाचायची. आणि त्याच आठवड्यात तिने जुन्या ॲपमध्ये ते काम लिहून टाकलं होतं. सोमवारी प्रुफं द्यायला जाऊ तेव्हाच सांगू, म्हणून तारीख सोमवारची घातली. लिहिलं, आणि मन हलकं झालं. मन हलकं झाल्यावर सांगायचं राहून गेलं.

आता ती स्वतःची समजूत घालत बसली. मेष्ट्रु कुठे ईमेल बघतात? त्यांना फोनवरचं दिसत नाही. पण टाळेबंदीच्या दिवसांत कागद नेता येईना तेव्हा तिनेच दीड तास फोनवर बसून त्यांचा ईमेल उघडून दिला होता. त्या दिवसापासून सकाळी स्नान झालं, कपाळाला गंध लागलं की ते पहिली तीच पेटी उघडायचे. अभिमानाने सांगायचेही. हे तिला पक्कं माहीत होतं. तिने ते माहीत नसल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता, पण ती गेली नाही. गुरुवारीही तिकडे फिरकली नाही. पुढच्या सोमवारी पिशवी भरून दाराच्या खुंटीला अडकवली, चपला घातल्या, आणि चपला काढून परत टेबलाशी येऊन बसली. पाककृतींचं पुस्तक पुढे सरकेना. भाजीला बाहेर पडली तर मेष्ट्रुंच्या तिसऱ्या गल्लीतून जायचं टाळून मोठा वळसा घालायची. पस्तीस वर्षांची बाई, घरचं भाडं स्वतः भरणारी, आणि गृहपाठ न केलेल्या पोरीसारखी मास्तरांचं घर चुकवत होती. हे तिचं तिलाच दिसत होतं आणि त्याची आणखी लाज वाटत होती.

मंगळवारी विशालम्मांचा फोन आला. मेष्ट्रुंची बायको. त्यांचा आवाज फोनशिवायही दोन घरं पलीकडे जायचा.

“नागू, दोन सोमवार झाले, आली नाहीस. पाय मोडलाय का?”

“नाही अम्मा. कामं होती जरा.”

“कामं आहेत ते कळतंय. रोज सकाळी कळतं आम्हाला.”

नागश्रीचे कान तापले. रोज सकाळी?

“उद्या दहाला ये,” विशालम्मा म्हणाल्या. “शेंगा स्वस्त झाल्यात. उप्पिट्टू करतेय. उपाशी ये.”

ती बुधवारी दहाला गेली. खुंटीची पिशवी बरोबर घेतली. का घेतली ते तिला सांगता आलं नसतं. रिकाम्या हाताने त्या घरात ती कधी गेलीच नव्हती.

विशालम्मा उंबऱ्याच्या आत पाट घेऊन बसल्या होत्या. पुढ्यात पातेलं, पातेल्यात भिजलेले पावट्याचे दाणे. एकेक दाणा चिमटीत धरून त्या दाबायच्या, साल हातात राहायची आणि दाणा टुणकन ताटात पडायचा. खिडकीशी वेताच्या खुर्चीत मेष्ट्रु. अंगावर धुवट पांढरा सदरा. शेजारच्या स्टुलावर सहा लाल पेनं रबराने बांधून ठेवलेली, आणि वर तिनेच बंगळुरूहून आणून दिलेलं मोठं भिंग.

“पायरीवर काय उभी? आत ये,” मेष्ट्रु म्हणाले.

ती आत येऊन वेताच्या बुटक्या मोड्यावर बसली. पिशवीतून तिने प्रुफांचा गठ्ठा काढला आणि नेहमीसारखा पुढे केला. मेष्ट्रुंचा हात पुढे झाला नाही. तिने गठ्ठा मांडीवर घेतला आणि त्याच्या कडा सारख्या करत बसली.

“तुझं काम मी केलं,” मेष्ट्रु म्हणाले.

“कुठलं, मेष्ट्रु?”

“तू नेमून दिलेलं. सोमवारी आलं. मंगळवारी आलं, एक दिवस उशीर. बुधवारी, दोन दिवस उशीर. रोज नऊच्या ठोक्याला यायचं. चाळीस वर्षांत माझ्याकडून प्रूफ कधी एक दिवस उशिरा गेलं नाही, आणि हे माझ्या नावावर पाच दिवस पडून. शनिवारी मला राहवेना. हिला म्हटलं, तो गोल आहे ना, दाब. हिने दाबला. त्यावर बरोबरची खूण आली.”

“तरीही येतंच आहे रोज,” विशालम्मा म्हणाल्या. “आता म्हणतं, अभिनंदन, तुमचं एक काम पूर्ण झालं.”

नागश्रीला बोलायचं होतं. चूक झाली, ॲप नवं होतं, रकाना चुकला, हे सगळं तिने वाटेत स्कूटरवर मनात म्हणून ठेवलं होतं. आता त्यातलं एक वाक्य तोंडाशी येईना. रकाना चुकला होता हे खरं. पण वाक्य तिचं होतं.

“अम्मांनी वाचलं?” तिने विचारलं.

“मग कोणी वाचायचं? ह्यांना दिसतंय कुठे!” विशालम्मांनी एक दाणा दाबला. तो ताटाबाहेर उडाला. “आणि ते केशरी काय ग? ‘शीण’ म्हणून?”

“ते ॲपमध्ये असतं, अम्मा.”

“ॲपमध्ये असेल. आमच्या नावाला कसं लागलं?”

नागश्रीने मान खाली घातली. “मी लावलं.”

“मला वाटलंच. ॲपला काय कळतोय शीण.”

“विशालू,” मेष्ट्रु म्हणाले.

“मी काही म्हणत नाही. म्हटलं, विचारून घ्यावं.” मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, “आणि तू लिहिलंयस ते खोटं नाही. डोळे गेलेत. दीड वर्ष झालं. प्रुफं मीच वाचून दाखवते. हे डोळे मिटून ऐकतात आणि सांगतात, इथे खूण कर, तिथे खूण कर. मी सातवी पास. मी वाचायचं आणि ह्यांनी चूक धरायची. माझ्या वाचण्यातच चूक सुधारून जात असेल, तर ह्यांनी काय धरायचं?”

नागश्रीने स्टुलावरच्या भिंगाकडे पाहिलं.

“ते चिटणीस,” विशालम्मा म्हणाल्या. “ते तर मी अगदी नीट वाचलं हो. कैलासवासी बसवराजप्पा. ह्यांना म्हटलं, अरेरे, गेले का? हे म्हणाले, कोणी कळवलं नाही. दोघांनी जरा वेळ वाईट वाटून घेतलं आणि पुढचं पान काढलं.”

नागश्रीला हसू फुटलं आणि त्याच दमात डोळे भरून आले. तिने पदर नव्हता म्हणून गठ्ठ्यातलं वरचं पान तोंडापुढे धरलं. विशालम्माही हसत होत्या, मेष्ट्रुंच्याही मिशीत हसू होतं. पण हसू ओसरल्यावर कोणी कोणाकडे बघेना.

“सांगायला हवं होतं मी,” मेष्ट्रु म्हणाले. “तुझ्या कामाला जामीन मी, आणि जामीनच आंधळा. दर सोमवारी तू यायचीस. म्हणायचो, आज सांगू. मग तू गठ्ठा हातात द्यायचीस, नव्या कागदाचा वास यायचा, आणि मी म्हणायचो, हे एवढं पुस्तक होऊ दे.”

“मेष्ट्रु, माझं चुकलं. मी समोर येऊन बोलायला हवं होतं. असं...”

“थांब. माझं व्हायचंय.” त्यांनी हात वर केला, वर्गात करायचे तसा. “पहिल्या दिवशी हिने ते वाचलं तेव्हा मला फार लागलं. खोटं कशाला बोलू? दोन दिवस ताटावरून उठलो. सहा वर्षं ज्या पोरीसाठी दर सोमवारी सदरा धुऊन बसलो, तिला आपला शीण येतो. आपण ओझं झालो, आणि आपल्याला कळलंही नाही. माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं.”

बाहेरून फुलवाली ओरडत गेली. विशालम्मांचे हात थांबले होते.

“मग त्या बुधवारी हिचं बोट कुठे लागलं कोण जाणे, खाली आणखी बरंच उघडलं. त्या कामाचा सगळा इतिहास. तुला ठाऊक असेलच.”

नागश्रीला ठाऊक नव्हतं. जुन्या ॲपमधून कामं आत घेताना त्यांच्या मागच्या नोंदीही आत आल्या असतील, हा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता.

“‘नागश्री यांनी तारीख पुढे ढकलली,’” मेष्ट्रु पाठ म्हणावं तसं म्हणाले. “मग पुढची ओळ. ‘नागश्री यांनी तारीख पुढे ढकलली.’ मग पुन्हा तेच. जूनपासून. मी हिला म्हटलं, मोज.”

“एकतीस,” विशालम्मा म्हणाल्या. “दोनदा मोजले. सोळा सोमवारांत देव पावतो, आणि ही पोर एकतीस करून बसली.”

“एकतीस सोमवार तू मनात आणलंस,” मेष्ट्रु म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. “या मोड्यावर बसून, हा गठ्ठा हातात घेऊन. आणि एकतीस वेळा तुझी जीभ रेटली नाही. मी हिला म्हटलं, विशालू, वाढ. जेवतो. मग मला काही वाटलं नाही बघ. थांबवायचं तर कधीतरी होतंच. पण कोणीतरी आपल्याला थांबवताना एकतीस वेळा अडखळलं, एवढं पुष्कळ झालं.”

नागश्रीने तोंड उघडलं.

“आणि वेळ बघितलीस का?” विशालम्मा म्हणाल्या. “दर खेपेला रात्री बारा! एकदा म्हणून चुकलं नाही. बाराच्या आत नाही, बाराच्या नंतर नाही. मी ह्यांना तेव्हाच म्हटलं, पोर सोमवारी इथून जाते आणि झोपत नाही हो. तळमळते. बारापर्यंत तळमळते आणि मग ढकलते पुढे. असं जिवाला लावून घ्यायचं असतं का ग?”

सोमवारी रात्री बाराला नागश्री गाढ झोपलेली असायची. झोपेच्या बाबतीत ती पहिल्यापासून सुखी होती. जूनमध्ये ते काम लिहून टाकल्यावर गेल्या पंधरवड्यात केशरी चिठ्ठी लावेपर्यंत तिने त्या ओळीकडे एकदाही पाहिलेलं नव्हतं. एकतीस वेळा अडखळलं होतं ते ॲप, आणि तेही अडखळलं नव्हतं. त्याला तसं सांगून ठेवलेलं होतं. सांगावं, असं तिच्या मनात आलं. समोर येऊन बोलायला हवं होतं असं आत्ताच तर ती म्हणाली होती. तिने मेष्ट्रुंकडे पाहिलं. ते तिच्या दिशेने, जरा बाजूला, तिच्या खांद्यापलीकडे बघत होते आणि वाट बघत होते. सदरा धुतलेला होता. आज सोमवार नव्हता, तरी धुतलेला होता.

“बोल ना,” विशालम्मा म्हणाल्या. “झोप लागत नाही ना तुला?”

“नाही लागत, अम्मा,” नागश्री म्हणाली.

“मला कळतं ते. डोळ्यांवरूनच कळतं.” विशालम्मा गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आत गेल्या. फळीवरचे डबे वाजले. परत आल्या तेव्हा त्यांच्या ओल्या तळहातावर एक जायफळ होतं, चांगलं वजनदार. त्यांनी ते तिच्या हातात कोंबलं. “घरच्या झाडाचं आहे, शिरसीहून माझ्या भावाने पाठवलेलं. निजताना सहाणेवर उगाळायचं, कोमट दुधात. आता सांगून झालंय, आता लागेल झोप.”

“लागेल,” मेष्ट्रु म्हणाले. “आता पुढे ढकलायला काही राहिलं नाही.”

नागश्रीने जायफळावर मूठ मिटली. तिच्या मांडीवरच्या गठ्ठ्याच्या कडा आता अगदी सारख्या झाल्या होत्या. तिला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं. पण विशालम्मा समोर उभ्या होत्या आणि काहीतरी बोलणं भाग होतं.

“किती वेढे उगाळायचे, अम्मा?” तिने विचारलं.

“दोन पुरे,” विशालम्मा म्हणाल्या. “फार नको. सवय लागते.”